लांब बूट : निवड आणि निगा



घोड्यावर बसण्याच्या लांब चामडी बुटांविषयीं लेख आपल्या शाळेच्या वार्षिकांत पाहून आपल्यांपैकीं पुष्कळांस नवल वाटेल. "आमच्या दारीं बैल आहेत, गायी आहेत, घोडा मात्र नाहीं. मग त्याच्या बुटांची उठाठेव आम्हीं कां करावी?" असें कोणी विचारील तर त्यांत वावगें कांहींच नाहीं. पण थोडा विचार केला असतां हा विषय आपल्यास वाटतो तितका परका नाहीं, असें दिसून येईल.

पूर्वीं वणी या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यास १९०५ सालीं यवतमाळ हें नांव मिळालें. त्या काळीं पक्क्या सडका थोड्या होत्या, आणि वर्धा व पैनगंगा यांच्या मधल्या काळ्या मातीच्या मुलखांत पावसाळ्यांत गाडीचें चाक आंसापर्यंत रुतून बसे. तेव्हां गांवोगांव फिरावयाचें तर बैलांचा छकडा, घोडें किंवा स्वतःचे पाय एवढींच साधनें होतीं. आजहि घोडा अगदींच नाहींसा झालेला नाहीं. तापीकांठीं सारंगखेडा येथें दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. मुंबईच्या पोलिस दलांतील घोडेस्वार पथक १९३२ सालीं बंद झालें होतें. तें पुनः उभें करण्याचें २०२० सालीं ठरलें. पुण्याजवळ खडकवासल्यास असलेल्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींत अश्वारोहण शिकवितात, आणि २०२२ पासून तेथें मुलींसहि प्रवेश मिळूं लागला आहे. २०२३ सालीं चीनमधील हांगझाऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धेंत घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेचें सांघिक सुवर्णपदक भारतास मिळालें. त्या चौघां स्वारांत मुंबईचा हृदय छेडा हा एक होता. तेव्हां आपल्यांपैकीं एखाद्या मुलास वा मुलीस उद्यां हे बूट पायांत घालण्याचा प्रसंग येणारच नाहीं, असें कोणीं सांगावें?

शिवाय लांब बूट हा चामड्याच्या सर्व वस्तूंचा जणूं वडील भाऊ होय. त्याची निवड व निगा ज्यास समजली, त्यास शाळेचा साधा जोडा, वहाण, कमरेचा पट्टा व दप्तर हींहि राखतां येतील. बूट विकत घेणें हें एका दिवसाचें काम आहे. तो राखणें हें रोजचें काम आहे. घेण्याची हौस पुष्कळांस असते, राखण्याची संवय थोड्यांस असते, आणि अखेरीस पैसा वांचतो तो या दुसऱ्या गुणानें. हीच गोष्ट या लेखांत सांगावयाची आहे.

बूट असा कां?

प्रथम या बुटाचा आकार पाहूं. त्याची नळी गुडघ्याच्या किंचित् खालपर्यंत येते. तळ बहुतेक गुळगुळीत असतो, आणि मागें सुमारें एक इंच उंचीची, सरळ कापलेली टांच असते. यांतील एकहि गोष्ट केवळ शोभेसाठीं नाहीं.

खोगिराच्या दोन्ही बाजूंस चामड्याच्या वाद्यांनीं रिकिबी टांगलेल्या असतात. घोडा चालूं लागला कीं ती वादी स्वाराच्या नडगीवर व पोटरीवर सारखी घासते. उघडा पाय अर्ध्या तासांत सोलवटून निघतो. लांब नळी हें घासणें स्वतःवर घेते, आणि बाभळीबोरींच्या काट्यांपासून व घोड्याच्या घामापासूनहि पाय राखते.

टांचेचें काम याहून महत्त्वाचें आहे. स्वाराचें पाऊल रिकिबींत चवड्यापर्यंतच असावें लागतें. टांच नसलेला जोडा घातला तर पाऊल रिकिबींतून आरपार पुढें जातें. अशा वेळीं घोडा बुजला आणि स्वार पडला, तर तो मोकळा पडत नाहीं. पाय अडकून तो घोड्यामागें फरफटत जातो. असे अपघात प्राणावर बेततात. टांच ही पाऊल आरपार जाऊं न देणारी अडसर आहे, तर गुळगुळीत तळ हा पडतांना पाऊल चटकन् सोडविणारा मित्र आहे. म्हणूनच खोल खांचांचा रबरी तळ, लोंबणारे बंद किंवा बाहेर आलेलीं बकलें घोड्यावर चालत नाहींत. रिकीबहि बुटाच्या तळापेक्षां एकंदर सुमारें एक इंच रुंद असावी. दोन्ही बाजूंस अर्धा अर्धा इंच मोकळी जागा राहिली पाहिजे.

हें ज्ञान केवळ लष्करी शिपायासाठीं आहे असें समजूं नये. माथेरान, महाबळेश्वर अशा ठिकाणीं सहलीस गेलेलीं मुलें चपला घालून किंवा कापडी खेळाचे जोडे घालून भाड्याच्या घोड्यावर बसतात, आणि आईबाप कौतुकानें छायाचित्र घेतात. पालकांनीं त्या वेळीं मुलाच्या पायांकडे एकदां पाहावें. टांचेचा बंदिस्त जोडा नसेल तर घोडा चालविणाऱ्यास लगाम हातीं धरून पायीं चालावयास सांगावें, किंवा तो बेत सोडून द्यावा.

चामड्याची पारख

कच्चें कातडें तसेंच ठेवलें तर कुजतें, आणि वाळविलें तर लांकडासारखें कडक होतें. तें न कुजणारें व लवचिक करणें यास कातडें कमावणें म्हणतात. प्रथम तें चुन्याच्या निवळींत ठेवून त्यावरील केस काढतात. नंतर बाभळीची साल, तरवडाची साल, हिरडा अशा तुरट पदार्थांच्या पाण्यांत तें कित्येक आठवडे मुरवितात. हिरडा चावला असतां जीभ व गाल आवळल्यासारखे होतात, हा अनुभव आपल्या सर्वांस आहे. तुरट द्रव्य जिभेवरील द्रव्यांशीं जसें जखडून बसतें, तसेंच तें कातड्याच्या तंतूंशीं जखडून बसतें. मग त्या तंतूंवर कुजविणाऱ्या जंतूंचें कांहीं चालत नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रोम नांवाच्या धातूच्या क्षारांनीं कातडें कमावण्याची दुसरी पद्धति प्रचारांत आली. तिनें काम लवकर होतें आणि चामडें मऊ व पाण्यास अधिक टिकाऊ बनतें. बुटाच्या नळीस बहुधा क्रोमचें चामडें आणि तळास सालीचें जाड चामडें वापरतात. आपल्या देशांत कानपूर शहर खोगिरें, लगाम व घोडेस्वारीचें इतर सामान करण्याविषयीं प्रसिद्ध आहे. तेथील माल परदेशींहि जातो.

दुकानांत बूट हातीं घेतला कीं नळीचें चामडें अंगठ्यानें दाबून किंचित् वांकवावें. बारीक सुरकुत्या पडून सोडतांच नाहींशा झाल्या तर चामडें चांगलें. वरचा थर सालपटासारखा सुटा सरकला किंवा त्यास तडे दिसले तर तें चामडें हलकें समजावें. जेथें चामड्याची कड उघडी असेल तेथें तंतु दिसावेत. तेथें कापडाचा पदर दिसला तर तें रेक्झीन होय. तळ नुसता चिकटविलेला नसून शिवलेला असावा, म्हणजे झिजल्यावर नवा बसवितां येतो. आंतील अस्तरावरून हात फिरवून टोंचणारी शिवण किंवा खिळ्याचें टोंक नाहीं ना, हें पाहावें. मागें चेन असलेला बूट घालावयास सोपा खरा. पण त्याची चेनच सर्वांत आधीं बिघडते, म्हणून ती जाड आणि बदलतां येण्याजोगी असावी.

माप कसें घ्यावें?

माप संध्याकाळीं घ्यावें, कारण दिवसभराच्या चालण्यानें पाय किंचित् सुजलेला असतो. ज्या मोज्यांवर व ज्या विजारीवर बूट घालावयाचा, तींच घालून माप घ्यावें. खुर्चीवर बसून गुडघा काटकोनांत वांकवावा आणि दुसऱ्याच्या हातून तीन मापें घेववावींत : पावलाची लांबी, पोटरीचा सर्वांत जाड भागाचा घेर, आणि जमिनीपासून गुडघ्यामागील खळीपर्यंतची उंची. दोन्ही पायांचीं मापें घ्यावींत. तीं क्वचितच अगदीं सारखीं असतात. मोठ्या पायाचें माप प्रमाण मानावें.

नवा बूट उंचीस थोडा जास्त वाटला पाहिजे. वापरानें घोट्याशीं चुण्या पडतात आणि नळी एक ते दीड इंच खालीं बसते. पहिल्या दिवशीं जो बूट उंचीस नेमका वाटतो, तो दोन महिन्यांनीं आंखूड होतो. पोटरीशीं बूट अंगासरसा बसावा, पण पायास मुंग्या येतील इतका आवळूं नये. नवा बूट घालून एकदम घोड्यावर बसूं नये. आठ दहा दिवस घरांतच रोज अर्धा तास घालून हिंडावें, जिने चढावे उतरावे, म्हणजे घोट्याच्या चुण्या योग्य जागीं पडतात व पायास फोड येत नाहींत.

पालकांस एक सूचना करावीशी वाटते. वाढत्या वयाच्या मुलास महाग लांब बूट घेऊं नयेत. वर्षभरांत ते लहान होतात. "पुढें होतील" म्हणून मोठे घेणें तर त्याहून वाईट, कारण सैल बुटांत पाऊल रिकिबीवर स्थिर राहत नाहीं. मुलांसाठीं घोट्यापर्यंतचा, टांचेचा आंखूड बूट व त्यावर पोटरीस बांधावयाची चामडी पट्टी हा उत्तम उपाय आहे. या दोन्ही वस्तूंवर आपल्या देशाचा ठसा आहे. अशा आंखूड बुटास जगभर जोधपुरी बूट म्हणतात. आणि पायांस गुंडाळण्याच्या कापडासाठीं इंग्रज शिपायांनीं जो शब्द उचलला, तो आपला पट्टी हाच होय.

रोजची निगा

स्वारी संपली कीं घोड्यास पाणी व चारा मिळाल्यावर, पण स्वतः जेवावयास बसण्यापूर्वीं, बुटांकडे पाहावें. ओल्या फडक्यानें चिखल व घोड्याचा घाम पुसून काढावा. घामांतील मीठ चामड्यांत मुरलें म्हणजे तें कडक होतें व शिवणीचा दोरा कुजतो. बूट नळाखालीं धरूं नये आणि कपड्यांच्या सोड्यानें कधींहि धुवूं नये. सोडा चामड्यांतील स्निग्ध अंश काढून घेतो. बाजारांत सॅडल सोप म्हणून जो साबण मिळतो तो आठवड्यांतून एकदां ओल्या स्पंजावर घेऊन हलक्या हातानें फिरवावा.

बूट भिजला असेल तर त्यांत जुनीं वर्तमानपत्रें चुरगळून भरावींत, तीं ओलीं होतांच बदलावींत, आणि बूट सावलींत वाऱ्यावर उभा ठेवावा. चुलीजवळ, शेगडीजवळ किंवा भर उन्हांत ठेवूं नये. याचें कारण समजून घ्यावें. सालीनें कमावलेलें चामडें ओलें असतां सुमारें ७० ते ८० अंश सेंटिग्रेड उष्णतेस त्याचे तंतु आखडतात. एकदां आखडलेले तंतु कोणत्याहि तेलानें पुनः सरळ होत नाहींत. प्रस्तुत लेखकानें तरुणपणीं एका पावसाळी रात्रीं आपले भिजलेले बूट चुलीच्या काठावर ठेविले होते. सकाळीं ते पायांत जाईनात. तळ वर वळला होता आणि बोटांशीं आडवी चीर गेली होती. तीन महिने जमविलेले पैसे एका रात्रींत गेले. आग लागल्यावर विहीर खणावी, तसें नंतर तेल चोळून कांहीं साधलें नाहीं.

चामडें पूर्ण सुकल्यावर त्यास चामड्याचें मलम किंवा क्रीम अगदीं थोडें लावावें, रात्रभर मुरूं द्यावें व सकाळीं कोरड्या फडक्यानें पुसावें. महिन्यांतून एकदां हें पुरे आहे. शेंगदाण्याचें गोडेतेल लावूं नये. तें पुढें खवट होतें व डाग पाडतें. जवसाचें तेल तर वाळून कडक पापुद्रा धरतें. चांगलें तेलहि जास्त झालें तर चामडें ढिलें पडतें व नळी आपल्या भारानें खालीं लोळते. अति तेथें माती ही म्हण येथें तंतोतंत लागू पडते. पॉलिश बुटाच्या बाहेरील अंगास खुशाल करावें. पण नळीचा जो आंतील भाग खोगिरास लागतो तेथें मेणाचें पॉलिश लावूं नये, कारण तेथें पाय निसटतो व खोगिरावर काळे डाग पडतात. बूट ठेवतांना नळी सरळ राहावी म्हणून आंत लांकडी सांचा घालतात. तो महाग पडतो. वर्तमानपत्राची घट्ट गुंडाळी किंवा बांबूचे तुकडे यांनींहि तेंच काम होतें.

आपल्या जिल्ह्याचे तीन ऋतु

आपल्याकडील हवा चामड्याची मोठी परीक्षा घेते. उन्हाळ्यांत पारा ४० अंशांवर, कधीं ४५ पर्यंत चढतो. त्या कोरड्या झळांनीं चामड्यांतील ओलावा व तेल दोन्ही उडून जातात आणि वांकणाच्या जागीं तडे पडतात. म्हणून चैत्र वैशाखांत पत्र्याच्या छपराखालच्या खोलींत किंवा बंद मोटारींत बूट ठेवूं नयेत, आणि या दिवसांत मलम पंधरा दिवसांनीं एकदां लावावें.

पावसाळ्यांत उलट संकट येतें. चार दिवस झड लागली कीं पेटींतल्या बुटांवर पांढरी बुरशी धरते. बूट प्लास्टिकच्या पिशवींत बांधून ठेवणें हा तिला आमंत्रण देण्याचाच प्रकार होय. ते कापडी पिशवींत, जमिनीपासून वर, वाऱ्याच्या जागीं ठेवावेत. बुरशी दिसलीच तर बूट घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्यानें ती पुसावी, तें फडकें टाकून द्यावें, आणि मग पाणी व व्हिनेगर समभाग घेऊन त्यांत किंचित् भिजविलेल्या फडक्यानें बूट पुसून सावलींत वाळवावा. हिवाळा हा स्वारीस व बुटांस दोघांसहि सुखाचा काळ. फाटलेली शिवण, झिजलेली टांच यांची दुरुस्ती याच दिवसांत करून घ्यावी.

कोणत्याहि ऋतूंत बूट घालण्यापूर्वीं तो उलटा करून दोनदां आपटावा. लांब नळीच्या अंधारांत विंचू किंवा लहान साप दडून बसण्यास उत्तम जागा असते. एका क्षणाचें हें काम कधींहि चुकवूं नये.

शेतकरी पालकांसाठीं एक इशारा

लांब बूट सर्पदंशापासून पायांचें बरेंच रक्षण करतो, म्हणून कोणी जुने चामडी बूट शेतांत वापरतात. गवतांतून चालावयास ते चांगले. पण कपाशीवर औषध फवारतांना ते घालूं नयेत. २०१७ सालच्या पावसाळ्यांत आपल्या जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें वीसांहून अधिक माणसें दगावलीं आणि शेंकडों रुग्णालयांत गेलीं, हें आपण विसरलों नाहीं. चामडें सच्छिद्र असल्यामुळें विष शोषून घेतें. एकदां मुरलेलें विष धुण्यानें निघत नाहीं, आणि तो बूट पुढें प्रत्येक वेळीं पायाच्या कातडींतून विष देत राहतो. फवारणीस रबरी गमबूटच घालावेत, विजार बुटांत न खोंचतां बुटांवरून सोडावी म्हणजे थेंब आंत उतरत नाहींत, आणि काम संपतांच गमबूट आंतून बाहेरून धुवावेत. ज्या कामास जें साधन योग्य तेंच वापरणें, हें खरें शहाणपण होय.

हातांचा मान

शेवटीं बूट करणाऱ्या व सांधणाऱ्या हातांविषयीं दोन शब्द. चामड्याचें काम करणाऱ्यांस आपल्या समाजानें शतकानुशतकें गांवाच्या कडेस बसविलें, आणि त्यांनीं केलेला जोडा मात्र आनंदानें पायांत घातला. संत रोहिदास याच धंद्यांतले होते. याफो येथें पेत्र ज्याच्या घरीं पुष्कळ दिवस राहिला, तो शिमोन चांभारच होता. ज्यानें १८०५ सालीं मराठी भाषेचें व्याकरण श्रीरामपुराहून छापून प्रसिद्ध केलें, तो विल्यम केरी तरुणपणीं इंग्लंडांत जोडे शिवून पोट भरीत होता. पुढें मोठ्या पदास पोंचल्यावरहि त्यानें ही गोष्ट कधीं लपविली नाहीं. म्हणजे ज्या मराठी व्याकरणाचा आपण वर्गांत कंटाळा करतों, त्याचें एक जुनें पुस्तक आरी चालविलेल्या हातांनीं लिहिलें गेलें!

म्हणून चौकांत बसलेल्या कारागिरापुढें जोडा पायानें सरकवूं नये; हातीं घेऊन त्याच्या हातीं द्यावा, त्यास काका किंवा दादा म्हणून हांक मारावी, आणि त्यानें सांगितलेली मजुरी कुरकुर न करतां द्यावी. त्याचा एक टांका वेळेवर पडला तर शेंकडों रुपयांचा बूट आणखी दोन वर्षें चालतो. आणि आपल्या बुटांचा चिखल आपण स्वतः पुसावा. तें काम आईवर किंवा धाकट्या बहिणीवर टाकूं नये. घोड्यावर बसावयास शिकविणारे उस्ताद नव्या स्वारास प्रथम तबेला झाडावयास लावतात, त्यांतील मर्म हेंच आहे.

आपल्यापाशीं लांब बूट नसतील. शाळेचा काळा जोडा तर आहे? तो आज संध्याकाळीं खाटेखालून काढा, त्यावरील धूळ पुसा, शिवण तपासा, आणि थोडें मलम चोळा. निगा राखावयास येथूनच आरंभ होतो.